सेवेचा राजीनामा

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की गावोगाव एक प्रसंग घडतोच. वर्षानुवर्षं पंगतीचं किंवा वर्गणीचं काम बघणारा सेवेकरी भर बैठकीत किल्ल्यांचा जुडगा पुढं टाकतो. "आजपासून माझा राजीनामा, आता तुमचं तुम्ही बघा!" म्हणत उठून जातो. मग निम्मे लोक त्याच्या दारात विनवणीला धावतात, निम्मे म्हणतात, "गेला तर गेला, त्याच्यावाचून काय अडलंय?" माझ्या मते दोन्हीही चूक.

नोकरदाराला पगार असतो. सेवेकऱ्याची कमाई म्हणजे चार माणसांनी दिलेला मान. तो दुखावला की सोडून जाणं एवढंच त्याच्या हाती उरतं. म्हणून अशा राजीनाम्यात गाऱ्हाणं आणि रुसवा एकत्र कालवलेले असतात. गाऱ्हाणं बहुधा खरं असतं. पहाटे चुलीपाशी तो एकटा, नावं ठेवायला मात्र सगळे! त्या गाऱ्हाण्याचं निवारण केलंच पाहिजे. पण रुसव्यापुढं लोटांगण घातलं, तर पुढच्या वर्षी आणखी दोघं रुसतात. आणि जो न बोलता भांडी घासत बसलेला असतो, त्याच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. हा अन्याय मोठा.

राजीनामा देणं वाईटच असं नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख पुढं देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं ठरलं, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत कारण स्पष्ट सांगितलं. नंतर घरी रुसून बसले नाहीत, विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम अंगावर घेतलं. खुर्ची सोडली, सेवा सोडली नाही.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत कुरर पक्षी आहे. चोचीतल्या मांसासाठी इतर पक्षी मागं लागले, तेव्हा त्यानं ते टाकून दिलं आणि सुखी झाला. टाकताना आरडाओरड केली नाही, परत कोण बोलावतंय म्हणून मागं वळून पाहिलं नाही. खरा त्याग असा असतो. ज्याला विनवणीची वाट बघावीशी वाटते, त्याचं सुटलेलं काहीच नसतं.

मग मंडळींनी करावं काय? त्याच दिवशी निर्णय घेऊ नये. दोन वडीलधाऱ्यांनी जावं, वीस जणांनी नाही. मधे न बोलता सगळं ऐकून घ्यावं. चूक मंडळाची असेल तर तिथंच कबूल करावी. मग एकदाच विचारावं, "बाबा, राजीनामा कायम का?" कायम म्हणाला तर किल्ल्या आणि हिशेबाची वही रीतसर ताब्यात घ्यावी, श्रीफळ देऊन केलेल्या सेवेचा मान करावा. पाठीमागं निंदा करू नये. देवळाचं दार त्याला उघडंच असतं. पुन्हा यावंसं वाटलं तर यावं, पंगतीत वाढायला लागावं.

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की विणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि पहिला निवांत घरी जातो. थकलेल्यानं थांबावं, जरूर थांबावं. फक्त वीणा जमिनीवर टेकू नये, एवढं त्यानंही बघावं आणि आपणही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥