वसतिगृहातला होकार

गोदावरीच्या काठाने गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून खाली गेले की भद्राचलम लागते. 1874 पर्यंत ही दोन्ही गावे एकाच अप्पर गोदावरी जिल्ह्यात होती आणि जिल्ह्याचे ठाणे होते सिरोंचा. पुढे सरकारी सीमा बदलल्या, पण दोन्हीकडचे जंगल, आदिवासी पाडे आणि तेलुगू बोली यांत फारसा फरक पडला नाही. म्हणूनच 2009 साली आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात, म्हणजे भद्राचलमच्याच जिल्ह्यात, जे घडले, त्याकडे सिरोंच्याने परक्या राज्यातली बातमी म्हणून पाहू नये.

तिथे 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्यात आली. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांचा तो प्रकल्प. अनेक मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबले. त्या मृत्यूंना लस कारणीभूत असल्याचे चौकशीत आढळले नाही. ही लस उपयोगाची आहे, हेही खरे. पण 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालातले आकडे मन अस्वस्थ करतात. आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, 1,948 पत्रांवर नुसते अंगठे. मुलीला काय टोचले जाणार हे अनेक आईबापांपर्यंत पोचलेच नाही, आणि मुलीचा स्वतःचा होकार या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

आता संमतीचा हाच प्रश्न लठ्ठपणाच्या औषधांबरोबर येतो आहे. 2022 मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 12 ते 18 वयोगटातली 201 मुले, दर आठवड्याला एक इंजेक्शन, 68 आठवडे. औषध घेणाऱ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सरासरी 16.1 टक्क्यांनी उतरला, इतरांचा जवळपास होता तिथेच राहिला. त्या चाचणीत भारतातले एकही केंद्र नव्हते. या जातीची औषधे मात्र 2025 पासून वजन कमी करण्यासाठी भारताच्या बाजारात आली आहेत.

सिरोंच्यात लठ्ठपणा कुठला, असे कोणी म्हणेल. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली 24 टक्के किशोरवयीन मुले कृश आणि 5 टक्के जास्त वजनाची निघाली. जंगलपट्टीत पहिलीच काळजी मोठी. पण आपल्याकडे या दोन काळज्या एकाच अंगात राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांत सरासरी 2.7 किलोची बाळेसुद्धा हाडकुळी असूनही चरबी राखून जन्मतात, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवले. वसतिगृहात भात-वरणावर आणि सुटीत पाकिटातल्या खाऊवर वाढणाऱ्या पोराचे काय, ते काटा सांगणार नाही. परदेशी मुलांवर ठरलेली मात्रा त्याला लागू पडेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. म्हणून आदिवासी मुले नाजूक, त्यांना संशोधनापासून लांबच ठेवा, हा सल्ला मला पटत नाही. त्यांना वगळले, तर औषध उद्या न तपासता त्यांच्याच अंगावर येईल.

मग अटी कोणत्या? वर सांगितलेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या पाच मुलांच्या पित्ताशयात खडे झाले. सिरोंच्यात एखाद्या मुलीच्या पोटात रात्री कळ आली, तर गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे 200 किलोमीटरवर. पावसाळ्यात वाटेतले नाले कधी अडवतील सांगता येत नाही. सोनोग्राफी कुठे होणार, गाडी कोणाची, नदी ओलांडून तेलंगणात न्यायचे तर बिल कोण भरणार, हे पहिले इंजेक्शन देण्याआधी लिहून ठेवलेले असले पाहिजे. औषध थांबवल्यावर वजन परत चढते. मोठ्यांच्या एका चाचणीत वर्षभरात घटलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत चाचणीनंतर औषध मोफत पुरवण्याची तरतूद आहे, पण ती नैतिकता समितीच्या शिफारशीवर अवलंबून. ती शिफारस सुरुवातीलाच झालेली हवी.

खेड्यांत असे संशोधन जमत नाही, असे गडचिरोलीत तरी कोणी म्हणू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने इथल्या 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि तुलनेसाठी 47 गावे ठेवली. गावातल्याच बायका बाळे तोलत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. 1999 मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. प्रश्न गावाचा होता, हात गावाचे होते, आणि फायदाही आधी गावालाच मिळाला.

आश्रमशाळेत या औषधाची चाचणी करायची, तर अधीक्षकाची सही संमती म्हणून चालू नये. सुटीत मुले घरी गेल्यावर, आईबापांसमोर, माडिया किंवा तेलुगूत बोलणे व्हावे. मुलाला शाळेतल्या माणसांच्या गैरहजेरीत वेगळे विचारावे. अशा बैठकांनंतर काही मुले 'नाही' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी बोलावून समजावले नाही, तर चाचणी सुरू करायला माझी हरकत नाही.