रिकाम्या खुराड्यातलं पाणी

चैत्र लागला की आमच्या बहादरपुरात सकाळी दहालाच अंगणातली फरशी पायाला चटके देते. आत्या रावेरहून आली ती याच दिवसांत. मी परसात काठीनं रेघा ओढत होतो. सहा फूट बाय चार फूट, अजून अंड्यावर न आलेल्या चार तलंगांसाठी पहिलंवहिलं खुराडं. ती ओट्यावर उभी राहून बघत होती.

"दार कुठं?"

"पूर्वेला."

"आणि कडी?"

"बाहेरून. मुंगसं फार झालीत इथं. मांजरंही आहेत."

"मग मला काही विचारू नकोस," म्हणाली आणि आत गेली.

आत्यानं चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या, पण मला आठवतं तेव्हापासून तिच्या मळ्यात खुराडं नव्हतं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्यावर रात्री डालगं, बाकीच्या लिंबाच्या फांद्यांवर. असं का, ते तिनं त्या दुपारी सांगितलं.

"सावद्याला लग्न होतं, मे महिन्यात. दिवसभर घरी कुणी नाही, कुत्र्यांची भीती, म्हणून सगळ्या कोंडल्या. वर पत्रा होता. घमेलं काठोकाठ भरून ठेवलं होतं. संध्याकाळी येऊन बघते तर सातही गेलेल्या. पंख पसरलेले, चोची उघड्या. घमेल्यातलं पाणी जवळजवळ तेवढंच. हात घातला तर चहासारखं."

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प होतो.

"मोकळ्या असत्या तर केळीत शिरल्या असत्या. बुडाशी ओली माती उकरून त्यात पोट टेकून बसल्या असत्या. त्यांना कळतं रे. मी त्यांचं कळणं काढून घेतलं."

"आणि त्यानंतर मुंगसानं नेल्या त्या?"

"त्या मुंगसानं नेल्या."

"फांदीवर तूच सोडल्या होत्यास ना, आत्या?"

तिला ते लागलं. मलाही बोलून वाईट वाटलं, पण प्रश्न खोटा नव्हता. दार लावणं हा निर्णय असेल तर न लावणं हाही निर्णयच. मोकळं सोडून पुढचं नशिबावर टाकलं की आपल्या मनावरचं ओझं उतरतं. कोंबडीच्या वाट्याचं काय उतरतं?

"उतरतं," आत्या ठामपणे म्हणाली. "मुंगूस आलं तर ती ओरडते, उडते, दहात दोनदा सुटते. कोंडलेली एकदाही सुटत नाही. मरण दोन्हीकडे आहे, पण एकात तिला काहीतरी करता येतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. गावठी कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. बांबूच्या आणि झुडपांच्या गचपणात दिवसभर उकरायचं आणि रात्री झाडावर चढायचं, हे तिच्या रक्तात आहे. पण मी आमच्या परसाकडे बोट दाखवलं. तीन बाजूंनी भिंती, खाली कोबा, एकच कडुनिंब. "तुझ्या मळ्यात केळी होती. इथं मोकळी सोडली तर ती जाणार कुठं? सावलीच नाही तर मोकळेपणाचं ती करणार काय?"

आत्या उठून परसात आली. पहिल्यांदाच तिनं माझ्या रेघा नीट बघितल्या.

मग बोलणं उन्हावर आलं. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंगच एक्केचाळीस अंशांच्या आसपास असतं. हवा पंचेचाळीसवर गेली की वारा तिचं ऊन घेत नाही, उलट तिला देतो. नुसता पंखा लावून मग भागत नाही. धापा टाकून श्वासातून ओल बाहेर टाकणं एवढा एकच मार्ग उरतो. आमच्या भागात मेपर्यंत हवा कोरडी असते म्हणून तो चालतो. जूनमध्ये ढग आले, उकाडा सुरू झाला की पारा उतरलेला दिसतो आणि जीव तरी जास्त घुसमटतो. बंद खोलीत पाणी शिंपडणारे नेमके हेच ओढवून घेतात. ओलं गोणपाट टांगायचं तर वारा आरपार जातो तिथंच. मी झाबुआची कडकनाथ आणणार होतो. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नावही मोठं आहे. आत्या म्हणाली, उघड्या मानेच्या गावठी मिळाल्या तर बघ. ज्या अंगाला पिसं कमी, त्याला झळ सोसते. ते पटलं.

आखणी बदलत गेली. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडेल. पश्चिमेला पऱ्हाट्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. उत्तर-दक्षिण बाजू जाळीच्या. जाळी अर्ध्या इंचाची आणि वीतभर जमिनीत गाडलेली. पत्र्यावर पाचटाचा जाड थर. कडी फक्त रात्री. दिवसा दार निंबाखालच्या कुंपणात उघडं. कोबा तेवढ्यापुरता फोडायचा, म्हणजे राख-मातीत लोळता येईल.

पाण्यापाशी मात्र मी अडलो. शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी कुंडी भंडारा दाखवायला बऱ्हाणपूरला नेतो. खानखानाच्या काळात, १६१५ साली खणलेला. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी जमिनीच्या पोटातून शहराकडे आणलेलं. पाणी उन्हापासून कसं राखायचं हे या मातीला चारशे वर्षं ठाऊक आहे, आणि मी पत्र्याचा डबा आणून ठेवला होता. मोठी कोंबडी एरवी पाव लिटर पिते, उन्हाळ्यात दुप्पट. पण पाणी तापलं की घोट घेत नाही.

"मातीचं परळ, काठापर्यंत जमिनीत पुरलेलं," आत्या म्हणाली. "आणि दुपारी दोनला ते बदलणार कोण?"

"सध्या सकाळची शाळा. मग सुट्टी. मी आहेच."

"आणि शाळा उघडल्यावर? पाऊस यायच्या आधीचे ते दिवस?"

आई आता फार चालत नाही. मी बोललो नाही.

"कडी लावायची तर दुपार तुझी झाली. रोजची. लग्नाच्या दिवशीचीसुद्धा. ते जमणार असेल तर कोंड, नाहीतर माझ्यासारखं सोडून दे आणि मुंगसाचं पापही स्वतःचं म्हण." हे शेवटचं तिनं कष्टानं म्हटलं. "पक्षी श्रावणात आण, पुढचा उन्हाळा यायला सात-आठ महिने मिळतील. खुराडं आत्ता बांध. रिकाम्यात रोज पाणी ठेव."

दुसऱ्या दिवशी मी रेघांच्या कोपऱ्यात खड्डा करून परळ पुरलं, सकाळी भरलं. दोन वाजता आत्या मागून आली, वाकली, हात घातला. काही बोलली नाही. परळ उपसून रिकामं केलं, निंबाच्या खोडाकडे हातभर सरकवलं, आणि मला बादली आणायला सांगितली.