शनिवारची रात्र कुणाबरोबर?

अमेरिकेत पदवीसाठी मुलांना पाठवणाऱ्या आपल्याकडच्या घरांत कॉलेजांची यादी ठरते ती क्रमवारी, शिष्यवृत्ती, हवामान आणि जवळपास कुणी नातेवाईक आहे का, एवढ्यावर. मूल दारू पीत नसेल तर तो विषय एका वाक्यात मिटतो: 'आमच्याकडे तो प्रश्नच नाही.' मला वाटतं, खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. ते मूल तिकडे जाऊन प्यायला लागेल का, याची धास्ती आईबाप घेतात. ते एकटं पडेल का, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेत दारूसाठी कायद्याने वयाची अट २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गांच्या निधीला कात्री लावण्याचा धाक दाखवला आणि काही वर्षांत सगळी राज्यं त्या अटीवर आली. पदवीचे बहुतेक विद्यार्थी १८ ते २२ वयाचे. म्हणजे निम्म्याहून जास्त शिक्षणकाळ पिणं बेकायदा. त्यामुळे ते थांबलं नाही, बंद दाराआड गेलं: वसतिगृहाच्या खोल्यांत आणि फ्रॅटर्निटींच्या, म्हणजे मुलांच्या सभासद-मंडळांच्या, घरांत. मुलींच्या अशाच मंडळांच्या, म्हणजे सोरॉरिटींच्या, बहुतेक घरांत दारूला बंदी असते. साहजिकच मोठ्या पार्ट्या मुलांच्या घरी होतात आणि आत कुणाला घ्यायचं हे दारावर उभी असलेली मुलं ठरवतात. जिथे अशी घरं प्रबळ, तिथे सगळ्या कॅम्पसच्या ऊठबशीची किल्ली त्यांच्या हातात जाते.

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास पहिल्या वर्षाच्या मजल्यावर काय चालतं ते पाहा. एका खोलीत पलंगावर, जमिनीवर सात-आठ जण दाटीवाटीने बसलेले, हातात लाल प्लास्टिकचे पेले, मोठ्याने गाणी. साडेदहाला सगळे एकदम उठून बाहेर पडतात आणि मजला रिकामा होतो. खरी मैत्री त्या दीड तासात जमते. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये उशिरा नाश्ता करताना आदल्या रात्रीचे किस्से निघतात, आणि जो तिथे नव्हता त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्याला कुणी पेला घ्यायला भाग पाडलेलं नसतं, कुणी हिणवलेलंही नसतं. तरी सप्टेंबर संपेपर्यंत गट पडलेले असतात आणि तो कुठल्याच गटात नसतो.

असा तो एकटाच असतो का? हार्वर्डच्या हेन्री वेक्स्लर यांनी १९९३ मध्ये १४० कॉलेजांची पाहणी केली. तीत ४४ टक्के विद्यार्थी एका बैठकीत बेसुमार पिणारे निघाले. गाजला तो हाच आकडा. उरलेल्या ५६ टक्क्यांची बातमी झाली नाही. त्याच अभ्यासाच्या १९९९ च्या फेरीत सुमारे पंचमांश विद्यार्थी वर्षभर अजिबात न पिणारे आढळले. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अभ्यासकांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं होतं की, इतर जण किती पितात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज वस्तुस्थितीपेक्षा बराच चढा असतो. न पिणारे सगळीकडे असतात. आपापल्या खोलीत असल्याने एकमेकांना दिसत नाहीत. ज्या कॉलेजात ते एकमेकांना सहज भेटतात, ते कॉलेज त्यांच्यासाठी चांगलं.

संपूर्ण दारूबंदी असलेली कॉलेजंही आहेत. युटातलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ 'प्रिन्स्टन रिव्ह्यू'च्या निर्व्यसनी कॉलेजांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं येतं. पण तिथली बंदी मॉर्मन धर्माचरणातून आलेली आहे आणि तिच्यात चहा-कॉफीही येते. त्या श्रद्धेत वाढलेल्यांसाठी ते घर आहे. केवळ दारू नको म्हणून तिथे गेलेलं आपलं मूल वेगळ्या कारणाने परकं राहण्याची शक्यता मोठी.

त्यापेक्षा कॅम्पसची रचना पाहावी. बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. किती टक्के मुलं फ्रॅटर्निटीत जातात आणि किती जण कॅम्पसवर राहतात, हे त्याच्या 'एफ' विभागात मिळतं. विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये आणि बोडन कॉलेजने १९९७ मध्ये फ्रॅटर्निटी बंद करण्याचा निर्णय घेतला. स्वार्थमोरमधल्या उरलेल्या दोन २०१९ मध्ये मिटल्या. तिथे कुणी पीत नाही असं मुळीच नाही, पण शनिवारची रात्र एखाद्या घराच्या मालकीची नसते. याउलट डार्टमथ. ते ज्या हॅनोव्हरमध्ये आहे ते लहानसं गाव, आणि वरच्या वर्गांतले निम्म्याहून जास्त विद्यार्थी अशा घरांशी जोडलेले. २०१५ मध्ये कॉलेजने कडक दारूवर बंदी घातली, तरी गावात रात्री दुसरीकडे जायला जागा किती, हा प्रश्न उरतोच. मोठ्या शहरातल्या कॉलेजात तो सुटतो, मात्र संध्याकाळी जो तो आपल्या वाटेने पांगला तर तोही एकटेपणाच.

क्लेरी कायद्यानुसार प्रत्येक कॉलेजला दारूच्या गुन्ह्यांचे आणि शिस्तभंगाच्या कारवायांचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. पालक ते पाहून घाबरतात. पण मोठा आकडा कडक अंमलबजावणीचाही असू शकतो आणि लहान आकडा डोळेझाकीचा. वसतिगृहांत दारू न चालणाऱ्या व्यसनमुक्त मजल्यांची सोय अनेक ठिकाणी आहे. ती नक्की मागावी, असं मी म्हणेन. फक्त एक चौकशी करावी: तिथली मुलं स्वतःहून आलेली आहेत की आईबापांनी फॉर्मवर खूण केली म्हणून?

आणि प्रवेश पक्का करण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी आपल्या मुलाला व्हिडिओवर बोलू द्या. 'इथे दारू चालते का?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. 'गेल्या शनिवारी रात्री दहा वाजता तू कुठे होतास, कुणाबरोबर होतास?' असं विचारायला सांगा. नाटकाची तालीम, गरब्याचा सराव, कुणाच्या खोलीत पत्ते, अशी उत्तरं भराभर आली तर ते कॉलेज यादीत वर घ्या. आणि ते बोलणं चालू असताना तुम्ही त्या खोलीत बसू नका.