परदापोशी कुणाची?

दुसऱ्याचे ऐब झाकावेत, घरची गोष्ट घरात ठेवावी, हे आम्ही मोठ्यांकडून शिकलो आणि वर्गात मुलांनाही शिकवतो. शिकवण चांगलीच आहे. पण लहानपणी घरातल्याच माणसाने जिच्यावर अत्याचार केला, ती बाई तिशी-पस्तिशीत समुपदेशकाकडे जायला निघते, तेव्हा तिचे पाऊल याच शिकवणीपाशी अडते. परक्यासमोर मामूंचे नाव घेतले तर गीबत होईल का? खानदानाची इज्जत जाईल का?

या प्रश्नाला हसू नये. तो दीनदार मनातून आलेला आहे आणि त्याचे उत्तरही दीनमध्येच आहे. वाईट गोष्ट उघड बोलणे अल्लाहला पसंत नाही, असे सांगताना सूरह निसाच्या १४८व्या आयतीने ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद ठेवला आहे. गीबत कुठे माफ आहे हे इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये सांगितले, त्यात पहिला मजलूमच येतो. हजरत हिंद यांनी नवरा पुरेसा खर्च देत नाही हे रसूलुल्लाहंना नाव घेऊन सांगितले. त्यांना कुणी गप्प बसवले नाही.

कुणी म्हणेल, समुपदेशक थोडाच काझी आहे? नाही, पण तबीब आहे. जखम दाखवताना डॉक्टरपुढे पडद्याचा नियम सैल होतो, हे आमच्या घराघरांत मान्य आहे. मग मनाच्या जखमेलाच वेगळा कायदा का?

राहिला सब्र. हजरत याकूब यांची नजर रडून गेली, तरी त्यांच्या सब्राला उणे आले नाही. गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहकडेच मांडले, हे खरे. पण दुआ मागणारा दवाही घेतोच की!

भीती वाटते ती पहिल्या दिवसाची. तिथे सगळी कहाणी एका दमात सांगावी लागते, असा समज आहे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या पुस्तकात क्रम मांडला तो असा: आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे. म्हणून झोप लागते का, तो माणूस अजून घरी येतो का, जीव नकोसा होतो का, असे प्रश्न आधी येतात. नाव आज सांगायचे की सहा महिन्यांनी, हे सांगणारीने ठरवायचे. (त्या कृत्याला घरच्या बोलीत शब्दच नसतो, हा आणखी एक अडसर.) मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचारग्रस्त बायकांसाठी केंद्र निघाले, त्याचे नाव ‘दिलासा’. उर्दू आणि मराठी दोघींनाही हा शब्द आपलाच वाटतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचे मात्र वेगळे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाला तो पोलिसांना कळवणे भाग आहे. त्यात आम्ही शिक्षकही आलो. म्हणून एखादी मुलगी मधल्या सुट्टीत जवळ येऊन “आपा, कुणाला सांगणार नाही ना?” असे विचारते, तेव्हा आम्हाला ‘हो’ म्हणता येत नाही. कुणाला सांगावे लागेल, हे तिचे ऐकण्याआधीच तिला सांगावे लागते. आणि ते ऐकून ती उठून गेली, तर दुसऱ्या दिवशी आपण होऊन तिच्याजवळ जाऊन बसावे लागते.