क्रूस कोणी घडवावा?

स्वतः ज्याला भजत नाही, त्या देवाचा क्रूस सुताराने घडवावा काय? सदाशिव पेठेतील वाचकाला हा प्रश्न पोरकट वाटेल. पण याच पुण्यात, पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहापायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे विसरू नये.

प्लायवुडचे पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवतात, म्हणून ते सहजी वाकत नाही. वरचा पापुद्रा मात्र पातळ. क्रूस कापल्यावर काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावा. हात जास्त चालला की खालचा थर उघडा पडतो. हे भान धर्म विचारून येत नाही. प्रार्थनेला बसलेल्या परक्या माणसाच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून जो प्रत्येक कड पुन्हा चाचपून पाहतो, त्याच्या हाताला विटाळ कसला?