अजिंक्यतेचा भ्रम
आत्मविश्वासाचा अहंकार केव्हा होतो? १५ फेब्रुवारी १९७८ रोजी जगज्जेते मुष्टियोद्धे मुहम्मद अली केवळ ७ व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या लिऑन स्पिंक्सकडून हरले. त्याला कमी लेखून त्यांनी पुरेसा सराव केला नव्हता. ७ महिन्यांनी, कसून सराव करून, त्यांनी त्यालाच हरविले.

प्रेषितांची (स.) 'अज्बा' ही सांडणी शर्यतीत अजिंक्य होती. एका बदूच्या उंटाने तिला मागे टाकताच सहाबा खिन्न झाले. प्रेषितांनी (स.) समजाविले की, जगात जे उंचावते त्यास अल्लाह खाली आणतोच.

नम्रता म्हणजे स्वतःस दुबळे समजणे नव्हे. प्रतिस्पर्ध्याचा मान राखून पूर्ण तयारी करणे आणि निकाल अल्लाहवर सोपविणे होय. मुलाला तालमीत धाडताना एवढे अवश्य सांगा.