विश्वास ठेवण्याच्या तीन तऱ्हा

माझ्या मोबाइलमध्ये सध्या एक रहस्यकथा, कन्नडमधून मराठीत आलेली एक कादंबरी आणि खगोलशास्त्रावरचं एक पुस्तक अशी तीन पुस्तकं अर्धवट वाचून पडली आहेत. ऑफिसातले मित्र याला भेळ म्हणतात. ज्याला सगळंच आवडतं त्याला धड काहीच आवडत नाही, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. हे तिन्ही प्रकार मला एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारतात: समोरचा सांगतोय त्यावर तू का विश्वास ठेवावास? कोड लिहिणाऱ्याला हा प्रश्न रोजचाच आहे. घरात मात्र तो अवघड होतो.

आधी रहस्यकथा घेऊ. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली आणि झुंजार, काळापहाड ही नावं मराठी घराघरांत पोचवली. पण ती गंभीर वाचनात मोजायची नाहीत, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. मला या प्रकारातली एक नैतिक अट महत्त्वाची वाटते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा की, गुप्तहेराला जो धागा सापडेल तो वाचकालाही दिसलाच पाहिजे. म्हणजे लेखकाने तुम्हाला चकवावं, पण पुरावा लपवून नाही. रहस्यकथा वाचताना आपण सगळ्यांवर संशय घेतो. लेखक पुरावा दडवणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर मात्र पूर्ण भरवसा ठेवतो. संशय घेता येण्यासाठीसुद्धा कुठेतरी विश्वास लागतो, हे मी तिथे शिकलो.

अनुवाद वाचताना उलटं होतं. तिथे पुरावा समोर नसतोच. आमचं गाव दुधनी, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला टेकलेलं. बाजारात तुरीचा भाव कन्नडमध्ये ठरतो आणि पावतीवर मराठीत उतरतो. घरी आम्ही कन्नड बोलतो. पण माझी शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' अव्वाने कन्नडमध्ये वाचली आणि मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. आपल्याच आईच्या भाषेतलं पुस्तक मला दुसऱ्या कुणाच्या तरी हातून घ्यावं लागलं.

त्या अनुवादामागची पद्धत कळली तेव्हा मी थक्क झालो. उमाताईंचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ती ऐकून मराठीत उतरवत. म्हणजे भैरप्पांपासून माझ्यापर्यंत येताना मधे एक आवाज, एक कान आणि एक लेखणी. मी या तिघांवर विश्वास ठेवला. का? अव्वा आणि मी त्या कादंबरीबद्दल बोलतो तेव्हा तिचे श्रोत्री आणि माझे श्रोत्री एकच माणूस असतात, म्हणून. आपल्या कुळाच्या शुद्धतेवर आयुष्य उभं केलेल्या या माणसाला म्हातारपणी स्वतःच्या जन्माबद्दलचं सत्य कळतं आणि तो त्या घराण्याच्या संपत्तीवरचा हक्क सोडतो. गुप्तहेर नसलेली ही रहस्यकथाच आहे. तिथे पुरावा दुसऱ्या कुणाविरुद्ध निघत नाही, शोधणाऱ्याच्याच विरुद्ध निघतो. आणि तरी तो मान्य केला जातो.

तिसरी तऱ्हा विज्ञानाची. इथे मला जयंत नारळीकर आठवतात. 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. तोवर त्यांचं नाव देशभर झालं होतं. परीक्षकांनी नाव बघून नव्हे, गोष्ट वाचून निर्णय द्यावा, हा हेतू. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. हेच नारळीकर विश्वाच्या महास्फोट सिद्धांताला अखेरपर्यंत विरोध करत राहिले आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्यांचं ऐकलं नाही. दोन्ही गोष्टी मला सारख्याच आवडतात. माणूस मोठा असला तरी त्याचं प्रत्येक विधान वेगळं तपासायचं, हा विज्ञानाचा शिरस्ता त्यांनी स्वतःलाही लावून घेतला.

2008 मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवल्या: यातलं मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगा. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली साधारण 46 टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

आता हा सगळा विचार घरी कुठे अडतो ते सांगतो. माझं वय लग्नाचं आहे आणि अव्वाला पत्रिका जुळवायची आहे. मी तिला 46 टक्क्यांची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि कन्नडमध्ये म्हणाली, ''ज्या बाईंनी पुस्तक डोळ्यांनी वाचलं नाही, नुसतं ऐकलं, त्यांचं तुला खरं वाटतं. मग आपल्या स्वामींचं का नाही? आजोबा गेले त्या रात्री ते आपल्या ओसरीवर सकाळपर्यंत बसून होते. तुझे शास्त्रज्ञ आले होते का?''

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. अव्वा बरोबर आहे, पण दोन वेगळे विश्वास एका गाठोड्यात बांधून. स्वामींच्या माणूसपणावर माझाही विश्वास आहे. त्या रात्रीचा पुरावा मी स्वतः पाहिलाय. पण ओसरीवर बसणं हा मंगळाबद्दलचा पुरावा होत नाही. जसा नारळीकरांचा मोठेपणा महास्फोट चुकीचा असल्याचा पुरावा होत नाही. अनुवादाची तपासणी करता येते; अव्वा स्वतः ती करू शकते, कारण मूळ पुस्तक तिच्या कपाटात आहे. पत्रिकेचं मूळ पुस्तक कुणाच्या कपाटात आहे? आणि ज्यांनी तपासून पाहिलं त्यांना काय मिळालं, ते वर आलंच आहे.

तरीही तुम्ही विचाराल, आईचं मन राखायला काय हरकत आहे? एक कागद दाखवायचा, स्वामी जेवून जातील, सगळे खूश. प्रश्न आम्हा दोघांपुरता असता तर मी हे केलं असतं. प्रेमाच्या माणसासमोर प्रत्येक वेळी बरोबर ठरलंच पाहिजे, असं मला वाटत नाही. पण इथे तिसरी व्यक्ती आहे. कुठल्यातरी घरातली एक मुलगी, जिला मंगळ आहे म्हणून नकार जाईल. चांगल्या रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात प्रत्येक निर्दोष माणसावरचा संशय जाहीरपणे उठवला जातो. पत्रिकेतल्या मुलीवरचा संशय कोण उठवणार? तिच्यासाठी शेवटचं प्रकरण लिहिलंच जात नाही. पुढच्या स्थळाकडेही तोच संशय तिच्यासोबत जातो.

म्हणून मी एक रेघ ओढली आहे. ज्या विश्वासाची किंमत मी स्वतः मोजणार आहे, तो पुराव्याशिवायही ठेवायला मी मोकळा आहे. ज्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागेल, तिथे मला पुरावा मागावाच लागेल, मग समोर अव्वा का असेना. स्वामींना घरी बोलवू, जेवू घालू, लग्नात मानाने पहिल्या रांगेत बसवू. पण पत्रिकेवरून कुणालाही नकार जाणार नाही.

ही रेघ मला कुठल्या एका पुस्तकाने दिली नाही. नुसती रहस्यं वाचली असती तर मी स्वामींवरही संशय घेतला असता. नुसतं विज्ञान वाचलं असतं तर अव्वाला टक्केवारी सांगून थांबलो असतो आणि ओसरीवरची रात्र मोजलीच नसती. नुसते अनुवाद वाचले असते तर कदाचित सगळ्यांचंच खरं मानलं असतं. मित्रांना भेळ वाटते तिचा मला झालेला उपयोग हा असा आहे.

अव्वाला हे अजून मान्य नाही. ती म्हणते, बघू. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ नकार होत नाही आणि होकारही होत नाही. बोलणं अजून संपलेलं नाही, एवढाच होतो.